दोन तास दहा मिनिटें

आमच्या कुटुंबांत नऊ माणसें आणि सात मोबाईल आहेत. मी, माझी पत्नी, दोन मुलगे व दोन सुना अशा सहा वडील माणसांचे सहा; आणि सातवा, २०२० सालीं टाळेबंदींत शाळाच घरीं चालत आली तेव्हां थोरल्या नातीच्या अभ्यासासाठीं म्हणून घेतलेला. शाळा परत शाळेंत गेली, मोबाईल मात्र घरांतच राहिला. ज्यांच्या नांवावर मोबाईल नाहीं असे दोघेच, ते म्हणजे आमचे दोन नातू. आणि त्यांतला धाकटा, जो आतां साडेतीन वर्षांचा आहे, तो सातही मोबाईल आपलेच समजत असे.

शुद्धिवादी मंडळी या यंत्रास भ्रमणध्वनि म्हणतात. मीं छत्तीस वर्षें शाळेंत मराठी शिकविली असल्यामुळें मलाही तोच शब्द वापरावासा वाटे; परंतु आमच्या घरांत हें यंत्र भ्रमण करीत नाहीं, उलट माणसांना एका जागीं बसवून ठेवतें, हें पाहिल्यापासून मीं तो नाद सोडून दिला. चारचौघे म्हणतात तसें मीही मोबाईल म्हणतों.

गोष्ट गेल्या वर्षीच्या आषाढांतली आहे. कोल्हापूरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांस सांगावयास नको कीं, पंचगंगेचें पाणी चढूं लागलें म्हणजे आठ-आठ दिवस ऊन दृष्टीस पडत नाहीं, रंकाळ्यावरचें फिरणें बंद होतें, दांडीवरचे कपडे दांडीवरच कुबट होतात आणि लहान मुलें घरांत कोंडलीं जातात. अशाच एका दिवशीं पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या बहिणीनें जेवतां जेवतां सहज विचारलें, "हा अजून बोलत कसा नाहीं रे?"

नातू तेव्हां अडीच वर्षांचा होता. "आई", "दे", "नको", "गाडी" असे दहापंधरा शब्द त्याला येत. परंतु दोन शब्द जोडून तो बोलत नसे. "थोरला एवढा असतांना मला गोष्टी सांगत असे," माझी पत्नी म्हणाली. तिच्या बोलण्यांत कोणास टोंचण्याचा हेतु नव्हता हें मी शपथेवर सांगेन. पण तें बोलणें ज्या ठिकाणीं लागावयाचें त्या ठिकाणीं लागलें. धाकटी सूनबाई बँकेंत नोकरीस आहे. सकाळीं साडेनवाला जाते ती संध्याकाळीं साडेसहाला परत येते. तिचा हात ताटांत क्षणभर थांबला, आणि मग मान खालीं घालून ती पुन्हा जेवूं लागली.

एकत्र कुटुंबांत कोणी कोणावर आरोपपत्र ठेवीत नाहीं. आई दिवसभर घरीं नसते, रात्रीं दमून येते, मुलाच्या हातीं मोबाईल देऊन चार घांस भरवते, म्हणून मूल मुकें राहिलें, एवढें सर्वांच्या मनांत आलें आणि तेथेंच पक्कें झालें. कोणी बोललें नाहीं. मीही बोललों नाहीं. माझ्या न बोलण्याचें कारण मात्र इतरांहून वेगळें होतें.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. धाकटा मुलगा कामानिमित्त परगांवीं होता, म्हणून सूनबाईबरोबर मी गेलों. डॉक्टरांनीं आधीं कानांची तपासणी करून आणावयास सांगितलें. कारण मूल उशिरां बोलूं लागलें तर पहिला संशय कानांचा घ्यावा लागतो. जें नीट ऐकूंच येत नाहीं तें बोलणार कसें? कान उत्तम निघाले. मग त्यांनीं विचारलें, "पडद्यासमोर किती वेळ असतो?"

"संध्याकाळीं भरवतांना, वीसपंचवीस मिनिटें," सूनबाई म्हणाली.

डॉक्टरांनीं माझ्याकडे पाहिलें. मी खिडकींतून बाहेरचा पाऊस पाहत होतों.

तो पाऊस मीं कां पाहिला हें आतां सांगितलें पाहिजे. दुपारीं दीड ते साडेतीन या वेळांत माझी पत्नी निजते. तिच्या गुडघ्यांना तेवढी विश्रांति लागते. मोठीं नातवंडें शाळेंत असतात. त्या दोन तासांत धाकटा नातू माझ्या ताब्यांत असे. आरंभीं मी त्याला चिऊकाऊच्या गोष्टी सांगितल्या, ठोकळ्यांचे मनोरे रचून दिले, घोडा झालों; परंतु एकाहत्तराव्या वर्षीं घोडा होणें हें दोन-तीन महिन्यांहून अधिक काळ जमणारें काम नव्हे. एके दिवशीं त्यानें फार रड धरली म्हणून मीं माझ्या मोबाईलवर यूट्यूबवरचें हत्तीचें एक गाणें लावून दिलें. तो गप्प झाला. इतका गप्प झाला कीं मला वर्तमानपत्राचा अग्रलेख शेवटपर्यंत वाचतां आला. दुसऱ्या दिवशीं त्यानें रड धरण्याची मीं वाट पाहिली नाहीं. पुढें पुढें साडेतीनला पत्नी उठण्याच्या आधीं मोबाईल उचलून जागेवर ठेवण्याची मला संवयच लागली. ज्याला बोलतां येत नाहीं तो चहाडीही करीत नाहीं; आणि या गोष्टीचा मीं सात-आठ महिने बिनदिक्कत फायदा घेतला.

डॉक्टरांनीं सांगितलें तें कांहीं नवें नव्हतें. जागतिक आरोग्य संघटनेनें एप्रिल २०१९ मध्यें पांच वर्षांखालील मुलांसंबंधीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत दोन वर्षांच्या आंतील मुलास पडदा दाखवूंच नये, आणि दोन ते चार या वयांत दिवसाकाठीं तासाहून अधिक दाखवूं नये, त्याहून कमी होईल तितकें बरें, असें म्हटलें आहे. त्याच पत्रकांत तीन-चार वर्षांच्या मुलास दिवसांतून दहा ते तेरा तास झोंप हवी आणि निदान तीन तास हालचाल हवी असेंही आहे. म्हणजे झोंप, खेळ आणि पडदा या तिघांचा हिशेब एकाच चोवीस तासांत मांडावयाचा. पडद्यानें दोन तास खाल्ले तर ते कोणाच्या तरी वांट्याचे खाल्ले, हें उघड आहे. डॉक्टर म्हणाले, "औषध कांहीं नाहीं. त्याच्याशीं बोला. पंधरा दिवस काय काय होतें तें लिहून ठेवा आणि मग या."

सूनबाईनें दोन गोष्टी केल्या. आईबापांना मुलाशीं कसें वागावें याची रोज एक सूचना देणारें एक अ‍ॅप तिनें आपल्या मोबाईलवर घेतलें. आणि दोनशें पानी एक वही आणून तींत घरांतल्या प्रत्येकाच्या नांवाचा रकाना आंखला. मग तिनें आम्हांस जी माहिती सांगितली ती निदान मला तरी नवी होती. २०१८ सालापासून या मोबाईलांतच एक हिशेबनीस बसविलेला आहे. अँड्रॉइडच्या यंत्रांत त्याला डिजिटल वेलबीइंग म्हणतात आणि आयफोनवर स्क्रीन टाइम. कोणत्या कामांत किती मिनिटें गेलीं, दिवसांतून किती वेळां यंत्र उघडलें, सारें तो निमूटपणें मांडून ठेवतो. कित्येक वर्षें हा मनुष्य आमच्या खिशांत बसून जमाखर्च लिहीत होता आणि त्याची वही उघडून पाहण्याची बुद्धि आम्हांपैकीं कोणास झाली नव्हती.

आंकडे गोळा करण्याचें काम आठ वर्षांच्या नातवाकडे आलें, आणि खानेसुमारीस निघालेल्या तलाठ्याच्या रुबाबानें तो वही घेऊन घरभर हिंडूं लागला. माझ्या मोबाईलवर त्यानें बोट फिरविलें, कपाळाला आठ्या घातल्या आणि लिहिलें: "आजोबा. यूट्यूब. २ तास १० मिनिटें." मग माझी बाजू सावरण्यासाठीं म्हणून तो आपल्या बहिणीला म्हणाला, "आजोबा दुपारीं कीर्तन ऐकतात." मीं त्यास दुरुस्त केलें नाहीं.

ती वही सूनबाई रोज रात्रीं पाहत असे. माझ्या मोबाईलवर यूट्यूब उघडलें कीं पुढें हत्ती, बस आणि उड्या मारणारीं माकडें यांचींच चित्रें येतात हें तिलाही दिसत होतें. कीर्तनकार त्यांत एकही नव्हता. तिनें मला एक अक्षर विचारलें नाहीं. पंधरा दिवसांनीं आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलों तेव्हां वही पुढें करून ती म्हणाली, "आमच्या घरांत दुपारीं दोन तास दहा मिनिटें जात होतीं. मला माहीत नव्हतें. माझ्याकडून लक्ष द्यावयाचें राहिलें."

मी त्या खुर्चींत बसलों होतों. हिनें माझें नांव घेतलें असतें तर मीं कदाचित् रागानें कांहीं उत्तर दिलें असतें, वयाची आणि दम्याची सबब सांगितली असती. तिनें तें आपल्याकडे घेतलें, आणि मग मात्र मला पाऊस पाहतां येईना. "डॉक्टर, तो मोबाईल माझा होता," मी म्हणालों.

त्या रात्रीं जेवणाच्या वेळीं मीं हीच गोष्ट सर्वांसमोर सांगितली. माझी पत्नी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. नंतर आमटी वाढतां वाढतां म्हणाली, "सकाळीं अकराला वरणभात भरवतांना मीही लावून देतें. पण तें अर्धाच तास." मग धाकट्या मुलाची पाळी आली. मुलाला निजवण्याचें काम तो करतो याचें आम्हां सर्वांस मोठें कौतुक होतें. तो मुलाला थोपटतां थोपटतां दुसऱ्या हातानें क्रिकेटचे तुकडे पाहत असतो आणि मूलही तेच पाहत पाहत झोंपतें, हें त्या रात्रीं उघडकीस आलें. सर्व मिळून बेरीज साडेतीन तासांच्या वर गेली. तींत आईचीं वीसपंचवीस मिनिटें सर्वांत कमी होतीं.

आतां त्या अ‍ॅपविषयीं. माझें मत आरंभापासूनच प्रतिकूल होतें हें सांगून टाकतों. एक तर त्याची मराठी. कोणा यंत्रानेंच इंग्रजींतून उतरविलेली ती असावी; कारण "आपल्या मुलास उच्च पांच द्या" असें वाक्य कोणा मराठी आईच्या तोंडून बाहेर पडलेलें मीं ऐकलेलें नाहीं. मुलानें हातावर टाळी द्यावी एवढाच त्याचा अर्थ, हें नातीनें मला समजावून सांगितलें. आहाराच्या सूचनांत ब्लूबेरी होती, नाचणी नव्हती. पण चौथ्या-पांचव्या दिवशींच्या एका सूचनेनें माझें तोंड बंद केलें. मूल जिकडे पाहत असेल तिकडे आपणही पाहावें. तें काय आहे त्याचें नांव घ्यावें. आणि मग मुलाच्या उत्तरासाठीं मनांत पांच आंकडे मोजून थांबावें. असें तींत म्हटलें होतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोबाईल तांदुळाच्या डब्यामागें ठेवून मी नातवास घेऊन सोप्यांत बसलों. पन्हळींतून पाणी पडत होतें, त्याकडे तो पाहत होता. "पाणी," मी म्हणालों. एक, दोन, तीन; आणि चौथा आंकडा येण्याच्या आंत मीच म्हणालों, "पाणी पडतें आहे ना? वरून पडतें, होय ना?" पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिसऱ्या आंकड्यावर तोंड उघडलें. तीन-चार दिवस हेंच चाललें. छत्तीस वर्षें मीं वर्गांत प्रश्न विचारले, आणि त्यांचीं बहुतेक उत्तरें मीच दिलीं असलीं पाहिजेत, असा एक अत्यंत अप्रिय विचार त्या दिवसांत माझ्या मनांत येऊन गेला. पांच आंकडे हा काळ दिसावयास लहान आहे; पण बोलण्याची संवय असलेल्या मनुष्याला तो संपतां संपत नाहीं.

आमच्या पिढीचें यावर एक ठराविक उत्तर असतें, आणि तें मीही दिलें होतें. हें सारें आमच्या आज्यांना ठाऊक होतें, त्याला यंत्र कशाला? म्हणणें खोटें नाहीं. ताराबाई मोडकांनीं १९३० नंतरच्या काळांत 'शिक्षणपत्रिके'तून आईबापांना हेंच सांगितलें. आमच्या कोल्हापुरांत लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं 'सृजन आनंद' विद्यालय काढलें तें मुलाला बोलूं द्यावें, करून पाहूं द्यावें, याचसाठीं. आणि पुण्याहून १९८७ पासून 'पालकनीति' निघूं लागलें, त्याचे कांहीं अंक माझ्या कपाटांत आहेत. पण मीं वाचलेलें माझ्या हातून झालें होतें काय? माझे दोन्ही मुलगे लहान असतांना त्यांच्याशीं बोलण्याचें काम माझी आई आणि माझी पत्नी यांनीं केलें. मी पुढच्या खोलींत वह्या तपासत असें, आणि आंतून मुलांचा आवाज फार मोठा आला तर "गप्प बसा" एवढा एकच संवाद त्यांच्याशीं करीत असें. आमच्या वेळीं अ‍ॅप नव्हतें हें खरें; त्या वेळच्या बायकांच्या मिनिटांचा हिशेब ठेवणारा मात्र कोणी नव्हता, म्हणून तें सारें आपोआप होत असल्यासारखें आम्हां पुरुषांस वाटत असे.

अ‍ॅपचे दोष मीं पुष्कळ पाहिले, आणि त्यांतला एक मला गंभीर वाटतो. रात्रीं नऊ वाजतां त्याची घंटा वाजे, "आजचें काम अजून पूर्ण केलें नाहीं." सूनबाई त्याच वेळीं मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट सांगत असे. घंटा वाजली कीं गोष्ट मध्यें थांबे. ती मोबाईल उचलून "गोष्ट सांगितली" या ओळीपुढें खूण करी, आणि मग राक्षस जेथें उभा असेल तेथून पुन्हा गोष्ट सुरू होई. अ‍ॅपवर सलग किती दिवस काम पूर्ण झालें याची सांखळी दाखवीत. एकदां तिला ताप भरला आणि एकोणीस दिवसांची ती सांखळी तुटली, तेव्हां तिच्या डोळ्यांत पाणी आलें. मूल तेव्हां तिच्या शेजारीं बसून तिचेंच कपाळ थोपटत होतें. मुलाला ज्या ओढीनें पडद्यास खिळवितात तीच ओढ आईसाठींही वापरावयाची, हा प्रकार माझ्या बुद्धीस पटत नाहीं.

शिवाय तें अ‍ॅप मुलाची जन्मतारीख, वजन, छायाचित्र असें बरेंच कांहीं मागत असे. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वीं आईबापांची पडताळून घेतलेली संमति लागते, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांस उद्देशून जाहिराती दाखविण्यास बंदी घातली आहे. कायदा चांगला आहे. परंतु संमतीची चौकट पुढें आली कीं आपण ती न वाचतांच "होय" म्हणतों, हेंही तितकेंच खरें. आम्हीं छायाचित्र दिलें नाहीं आणि जन्मतारखेचा फक्त महिना खरा दिला.

आमच्याकडे भांडीं घासावयास येणाऱ्या मावशींची लेक मुंबईस दिलेली आहे. माझा हा सारा तक्रारीचा पाढा ऐकून त्या एके दिवशीं म्हणाल्या, "आमच्या पोरीला तर नुसता फोन येतो. उचलायचा आणि ऐकायचा." चौकशी केली तेव्हां कळलें कीं ती 'एममित्र' नांवाची सेवा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनीं २००८ सालीं मुंबईंत 'अरमान' ही संस्था काढली आणि २०१४ पासून ही सेवा सुरू केली. गर्भार बाईस आणि पुढें मूल वर्षाचें होईपर्यंत तिच्या आईला, तिनें सांगितलेल्या भाषेंत आणि तिनें सांगितलेल्या वेळीं, ध्वनिमुद्रित सल्ला फोनवर ऐकूं येतो. त्याला पैसे पडत नाहींत आणि महागडा मोबाईलही लागत नाहीं. केंद्र सरकारची 'किलकारी' ही २०१६ मध्यें सुरू झालेली योजनाही याच वळणाची. तींत चौथ्या महिन्यापासून मुलाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत आठवड्यास एक, असे ७२ निरोप आहेत. वेळ बाईनें ठरवावी याला मोठा अर्थ आहे; कारण पुष्कळ घरांत फोन नवऱ्याच्या खिशांत असतो आणि नवरा कामावर असतो. मावशींची लेक संध्याकाळची वेळ घेऊन तो आवाज मोठा करते आणि सासूला शेजारीं बसवून ऐकते. म्हणजे लोह कां घ्यावयाचें, बाळाला पहिले सहा महिने पाणीसुद्धां कां द्यावयाचें नाहीं, हें सुनेनें सासूला सांगण्याचा प्रसंगच येत नाहीं. परस्पर बाहेरचा आवाज सांगून जातो. आमच्या घरांतल्या कित्येक भांडणांना असा एखादा बाहेरचा आवाज मिळाला असता तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांपैकीं सासवासुनांनींच करावा.

याच संस्थेची आणखी एक हकीकत मला फार बोलकी वाटली. कांहीं दिवसांनीं बऱ्याच बाया फोन ऐकणें सोडून देतात. तेव्हां गूगलच्या संशोधकांच्या मदतीनें यंत्राकडून असा अंदाज काढण्याची युक्ति करण्यांत आली कीं, कोणती बाई सोडून देण्याच्या बेतांत आहे. आणि अंदाज काढल्यावर करावयाचें काय? तर संस्थेच्या माणसानें तिला स्वतः फोन करावयाचा आणि तिची विचारपूस करावयाची.

घरांत नियम करण्याची कल्पना थोरल्या सूनबाईची. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. तेथें २०२२ सालीं सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानें गांवानें ठराव केला आणि देवळावर एक भोंगा बसविला. संध्याकाळीं सात वाजतां भोंगा झाला कीं गांवांतले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनीं अभ्यास करावा, वाचावें, माणसांनीं एकमेकांशीं बोलावें. आरंभीं शिक्षक आणि अंगणवाडीच्या बाया घरोघर जाऊन समजावीत असत. ही बातमी त्या वेळीं सातासमुद्रांपलीकडे गेली होती. मला तींत भोंग्यापेक्षां एक गोष्ट महत्त्वाची वाटते: तो भोंगा मुलांसाठीं वाजत नव्हता, गांवासाठीं वाजत होता. टीव्ही बंद करावयाचा तो आजीनें, मोबाईल खालीं ठेवावयाचा तो बापानें.

आम्हीं साडेसात ते नऊ ही वेळ धरली. पहिल्या चार दिवसांत नियम पाळला गेला, पांचव्या दिवशीं थोरल्या मुलाला कचेरीचा अत्यंत निकडीचा निरोप आला, सहाव्या दिवशीं पत्नीच्या मालिकेंत कोणाचें तरी लग्न होतें, आणि सातव्या दिवशीं मी भारत-ऑस्ट्रेलियाचा धावफलक "नुसता पाहून येतों" म्हणून उठलों. त्या वेळीं अकरा वर्षांची नात म्हणाली, "शाहू महाराजांनीं दंड केला होता, तो मुलांना नाहीं, आईबाबांना."

पोरीचा इतिहास चोख होता. करवीर संस्थानांत महाराजांनीं १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचें केलें तेव्हां मुलाला शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. त्या काळीं गरिबाच्या घरीं एक रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हती. एवढा मोठा दाखला निघाल्यावर वडील माणसांस वाद घालावयास जागाच उरली नाहीं. चिवड्याचा एक रिकामा डबा देवघराच्या कोनाड्यांत ठेवण्यांत आला, आणि दर चुकीस दहा रुपये असा दर नातवंडांनीं ठरविला. मुलांना दंड नाहीं. कारण, आठ वर्षांच्या नातवाच्या म्हणण्याप्रमाणें, त्यांना पगार नाहीं.

धाकट्या नातवानें श्रावणाच्या अखेरीस एके दुपारीं पन्हळीकडे बोट दाखवून "पाऊस आला" असे दोन शब्द जोडून म्हटले. मी तेव्हां चार आंकड्यांवर होतों. मीं पत्नीला हांक मारून उठविलें, आणि सूनबाईला बँकेंत फोन केला. तिच्यापुढें ग्राहक उभे होते, म्हणून ती फक्त "बरं, बाबा" एवढेंच म्हणाली, पण फोन तिनें लगेच ठेवला नाहीं. पुढें दिवाळीपर्यंत तो चांगलाच बोलूं लागला. हें आमच्या करण्यानें झालें कीं त्याच्या वेळेस तें व्हावयाचेंच होतें, असें मीं डॉक्टरांस विचारलें. कांहीं मुलें उशिरां बोलूं लागतात आणि मग सारें भरून काढतात, असें ते म्हणाले. याचें कारण अमुकच असें छातीठोकपणें सांगतां यावयाचें नाहीं. मलाही तसा दावा करावयाचा नाहीं.

सूनबाईनें तें अ‍ॅप चार महिन्यांनीं काढून टाकलें. सूचना फिरून त्याच येऊं लागल्या होत्या, आणि नऊच्या घंटेचा तिला कंटाळा आला होता. वही मात्र चालू आहे. माझ्या रकान्यांत आतां रोज चाळीसएक मिनिटें पडतात, तीं रात्रीं मुलें निजल्यावरचीं असून त्यांत खरोखरच कीर्तन असतें. दुपारचे दोन तास माझ्या वांट्याला तसेच आहेत, आणि ते सोपे झालेले नाहींत. अग्रलेख मी आतां रात्रीं वाचतों, तोंवर तो शिळा झालेला असतो. नातवाला बोलावयास येऊं लागल्यापासून तो एकामागून एक प्रश्न विचारतो आणि मी उत्तर दिलें तरी त्याची खात्री पटत नाहीं.

डब्यांत कालपर्यंत चारशें साठ रुपये जमले. त्यांतले दोनशें दहा थोरल्या मुलाचे आणि एकशें तीस माझे आहेत. दसऱ्याला त्याचें काय आणावयाचें यावर नातवंडांत अद्याप एकमत झालेलें नाहीं. दोघांना कॅरम पाहिजे, आणि धाकटा, त्याला विचारलें कीं, प्रत्येक वेळीं "हत्ती" म्हणतो.